खिळ्यांचा डबा

"आज हाऊ मेनी शुगर?" सासऱ्यांनी चहाच्या कपात डोकावत विचारलं.

"मेनी नाही हो बाबा, मच," त्यांची शिक्षिका सून, म्हणजे बाई, म्हणाल्या. "साखर मोजता येत नाही. हाऊ मच शुगर."

"शून्य," ओट्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मेनी म्हणा नाहीतर मच म्हणा, डॉक्टरांनी बंद केलीय ती बंद. इंग्रजीत मागितली म्हणून मिळणार नाही."

सासऱ्यांनी बिनसाखरेचा चहा एरंडेल घ्यावं तसा घशाखाली उतरवला. मग ते उठले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "जरा एक खिळा बघतो." फळीवरचा खिळ्यांचा डबा काढून त्यांनी त्यात हात घातला, हाताला लागलं ते खिशात टाकलं आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. साखर बंद झाल्यापासून त्यांना घरात खिळे ठोकायचा भारी नाद लागला होता. भिंतीवर एकही नवी तसबीर दिसत नव्हती, पण म्हाताऱ्या माणसाला कशात तरी मन रमवू द्यावं म्हणून कुणी काही बोलत नसे.

मेनी आणि मचचा हा घोळ घरात बरेच दिवस चालला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. बाई सहावीला इंग्रजी शिकवायच्या, पण हंगामी म्हणून. शाळा सुरू झाली की नेमणूक आणि सुट्टी लागली की हातात नारळ, असं वर्षानुवर्षं चाललेलं. आता एक जागा कायमची होणार होती. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तपासणीचे साहेब येणार आहेत. वर्गात बसून तुमचा पाठ बघतील. पसंत पडला तर जागा तुमची. नाहीतर मला जाहिरात द्यावी लागेल, माझाही नाइलाज आहे."

पाठाचा विषयही साहेबांनीच कळवला होता. इंग्रजीत मोजता येणाऱ्या गोष्टींना कोणते शब्द लावायचे आणि न येणाऱ्यांना कोणते. बाईंच्या वर्गाला तो नियम तोंडपाठ होता. झोपेतून उठवून विचारलं तरी मुलं धडाधडा म्हणून दाखवत. पण नियम म्हणून झाला की तीच मुलं वही पुढे करून म्हणत, "बाई, टू मेनी होमवर्क." बाईंना त्याचंच रडू यायचं. मुलांच्या जिभेवर सगळं होतं, डोक्यात काही उतरत नव्हतं.

म्हणून त्यांनी संध्याकाळभर बसून एक मोठं चित्र रंगवलं. डावीकडे तांदूळ, साखर, पीठ आणि मध. उजवीकडे बटणं, गोट्या आणि खिळे. चित्र झकास झालं. सासऱ्यांनी त्याची तोंड भरून स्तुती केली, आणि सून दमून झोपल्यावर, तिला मदत म्हणून, त्याची छान घट्ट गुंडाळी करून वर दोरा बांधून ठेवला. रंग वाळले नव्हते, एवढीच काय ती गोष्ट.

हे बाईंना कळलं ते शाळेत, शिक्षकांच्या खोलीत. त्यांनी दोरा सोडला आणि गुंडाळी उलगडायला घेतली, तर चर्र आवाज झाला. साखरेवर बटणं उमटली होती, मधात खिळे रुतले होते आणि मधोमध सासऱ्यांच्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा होता. शेजारच्या खोलीत मोठ्या बाई साहेबांना चहा देत होत्या, त्याच्या कपबशांचा आवाज येत होता. त्यांनी घरी फोन लावला.

घरी त्या वेळी फक्त त्यांचे यजमान होते. सासूबाई सासऱ्यांना घेऊन डोळे तपासायला गेल्या होत्या. यजमान पेशाने ग्रंथपाल, आणि त्यांचं ग्रंथालय जरा उशिरा उघडे.

"अहो, ऐका. चित्राची वाट लागली," बाई एका दमात म्हणाल्या. "आता खऱ्या वस्तूच दाखवते. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे पिशवीत भरून आणून द्या. तांदूळ, साखर, पीठ आणि मधाची ती छोटी डबी. शिवाय मोजायला बटणं, गोट्या आणि खिळे."

"एवढंच ना? तू अजिबात घाबरू नकोस," ग्रंथपाल म्हणाले. "डब्यांवर नावं आहेतच. मीच तर लिहिलीत."

"हो हो, आहेत लिहिलेली. पण लवकर!"

आता या डब्यांविषयी थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ग्रंथपाल शाळेत होते तेव्हाच त्यांच्यातला ग्रंथपाल जागा झाला होता. एका सुट्टीत त्यांनी घरातल्या यच्चयावत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि त्यांवर वळणदार अक्षरात आतल्या वस्तूचं नाव घातलं. आईला त्याचं कौतुक वाटलं. चिठ्ठ्या तिने कधी काढल्या नाहीत, आणि त्यांच्याकडे कधी बघितलंही नाही. कोणता डबा हाताला पटकन लागतो, कुणाचं झाकण ओल्या हाताने उघडतं, कुठे मुंग्या जात नाहीत, यावर सासूबाईंचा सगळा कारभार चाले. तांदूळ साबणाच्या डब्यात गेले आणि मीठ बटणांच्या. साखर मिठाच्या डब्यात गेली, कारण तो शेगडीच्या जवळ होता. बाई नव्यानेच लग्न होऊन आल्या तेव्हा एकदा धीर करून म्हणाल्या होत्या, "आई, पण यावर तर वेगळंच लिहिलंय." त्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "लिहिलेलं काय चाटायचंय?"

बाईंना ते सगळं अंगवळणी पडायला वर्ष गेलं, पण पडलं ते असं पडलं की डब्यांवर काही लिहिलेलं असतं हेच त्या विसरून गेल्या. हात आपोआप योग्य जागी जाई. आणि ग्रंथपालांना यातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. जन्मापासून त्यांना चहा जागेवर मिळत आला होता. फळीवरचे डबे त्यांनी लांबून पाहिले होते आणि आपलं अक्षर अजून किती ठसठशीत आहे म्हणून समाधान मानलं होतं. शिवाय पुस्तकाच्या पाठीवर एक आणि पोटात भलतंच, असं त्यांच्या ग्रंथालयात कधी घडलेलं नव्हतं. तेव्हा झाकण उघडून बघण्याचा प्रश्नच आला नाही. नावं वाचून त्यांनी पटापट डबे पिशवीत भरले, स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी नेले, शिपायाच्या हवाली केले आणि चांगलं काम केल्याच्या आनंदात ते घरी परत गेले.

बाई वर्गात शिरल्या तेव्हा शिपायाने डबे टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. साहेब शेवटच्या बाकावर बसले होते. त्यांचे गुडघे बाकाखाली मावत नव्हते, म्हणून ते तिरपे बसले होते आणि त्यामुळे आधीच वैतागल्यासारखे दिसत होते. मोठ्या बाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. बाईंनी डब्यांकडे पाहिलं आणि त्यांना उगाचच चुकल्यासारखं वाटलं. फळीवरून उतरल्यामुळे ते डबे परक्या घरचे वाटत होते. पण विचार करायला आता सवड नव्हती.

त्यांनी पहिला डबा उचलला. "व्हॉट इज इन धिस टिन?"

"राइस!" वर्गाने चिठ्ठी वाचून सांगितलं.

"हाऊ मेनी ऑर हाऊ मच?"

"हाऊ मच!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला. साहेबांनी मान डोलावली. बाईंना धीर आला. त्यांनी ऐटीत झाकण काढलं आणि डबा टेबलावरच्या ट्रेमध्ये उपडा केला.

खडखड खडखड करत ट्रेभर बटणं पसरली. काळी, पांढरी, कोटाची, परकराची. एक चुकार बटण टेबलावरून उडी मारून बाकांमधून घरंगळत गेलं आणि थेट साहेबांच्या बुटाला टेकून आडवं झालं.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने हात वर केला. "बाई," ती काळजीने म्हणाली, "राइसला भोकं आहेत."

मग जो हशा पिकला तो आवरेना. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी वाकून बटण उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कुठल्या तरी एका डब्यात गफलत झाली असावी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आता जोखीम नको म्हणून त्यांनी गोट्यांचा डबा घेतला. गोट्या तरी गोट्याच असणार. त्या मोठ्याने वाजाव्यात आणि मुलांचं लक्ष परत यावं म्हणून त्यांनी डबा उंच धरला आणि जोरात हिसडा दिला.

गोट्यांच्या डब्यात सासूबाई चहापूड ठेवत. बारीक, कडक, नाकाला झोंबणारी. खिडकीतून वारा येत होता, त्याने ती उचलली आणि कुणालाही न वगळता वर्गभर नेली. पहिला बाक शिंकला, दुसरा शिंकला, आणि शेवटच्या बाकावर साहेब असे शिंकायला लागले की त्यांचा चष्मा नाकावरून उतरून हातात आला.

"हाऊ मेनी शिंका!" मागून कुणीतरी म्हणालं.

"स्नीझेस," चष्मेवाली नाक पुसत म्हणाली. "हाऊ मेनी स्नीझेस."

बाईंच्या डोक्यात आता लख्ख प्रकाश पडला. नवऱ्याने डबे नाव वाचून आणले होते! त्यांनी उरलेल्या डब्यांवरून नजर फिरवली. कशात काय आहे ते आठवायचा त्यांनी जिवापाड प्रयत्न केला, पण फळी डोळ्यांपुढे असल्याशिवाय काही आठवेना. डावीकडून तिसरा म्हटलं असतं तर हाताने बरोबर उचलला असता. त्यांना वाटलं, आता सरळ माफी मागावी, पिशवी भरावी आणि घरी जावं. कायमची जागा तर गेलीच. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, ते चहापुडीचं म्हणून खपून गेलं.

तेवढ्यात त्यांचं लक्ष लंबूकडे गेलं. लंबू म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. उंचीमुळे तो मागे बसे, आणि मागे बसल्यामुळे वर्षभरात त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. तो आता बाकावर गुडघे टेकून पुढे झुकला होता आणि त्याचा हात छताला लागायच्या बेतात होता.

"बाई, आता तो साखरेचा उघडा ना! त्यात काय असेल?"

"साखर नसेल, पैज!" दुसरा म्हणाला.

सगळा वर्ग मान उंचावून डब्यांकडे बघत होता. उखळात डोकं घातलंच आहे, आता मुसळाला भिऊन कसं चालेल, असं म्हणत बाईंनी पदर खोचला. "नाव वाचून कुणी बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी बघायचं, मग बोलायचं."

साखरेच्या डब्यातून कपडे वाळत घालायचे चिमटे निघाले. "हाऊ मेनी क्लिप्स!" लंबू ओरडला. चिमटे तळाशीच होते, म्हणून चष्मेवालीने "ओन्ली अ फ्यू" अशी पुस्तीही जोडली. बटणांच्या डब्यात पांढरंशुभ्र काहीतरी होतं. ती साखर की मीठ यावरून वाद पेटला, तेव्हा एका धीट मुलाने चिमूट भरून तोंडात टाकली. त्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला.

"सॉल्ट," तो कसाबसा म्हणाला.

"हाऊ मच सॉल्ट?" बाईंनी विचारलं.

"टू मच!" त्याने जीभ बाहेर काढून उत्तर दिलं. कुणीही नियम म्हणून दाखवला नव्हता. बाईंनी ते कानांनी ऐकलं, तरी त्यांचा विश्वास बसेना.

पिठाच्या डब्यात किल्ल्या होत्या, कधीच्या काळी हरवलेल्या कुलपांच्या. मुलांनी त्या हाताळल्या, वाजवल्या, "हाऊ मेनी कीज" झालं, आणि चष्मेवालीने विचारलं, "बाई, हाऊ मेनी लॉक्स?" बाईंना खरं तेच सांगावं लागलं, "नो लॉक्स." साहेब आता बाकावर नव्हते. ते मुलांच्या घोळक्यामागे येऊन उभे राहिले होते आणि टाचा उंचावून बघत होते.

खिळ्यांच्या डब्यातून सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटं निघाली, तेव्हा तर वर्गाने छप्पर डोक्यावर घेतलं. बाईंना सासरे आठवले, त्यांचे ते खिळे आठवले आणि तसबिरींशिवाय राहिलेल्या भिंती आठवल्या. हसू दाबताना त्यांची पुरेवाट झाली. चॉकलेटं सगळ्यांना पुरणार नव्हती. पण "हाऊ मेनी चॉकलेट्स, हाऊ मेनी चिल्ड्रन" असा बराच खल होऊन मुलांनी आपणच त्यांचे तुकडे केले. लंबूने एक तुकडा साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो तोंडात टाकला.

"बाई, हे गोडच नाहीये," एक मुलगी तोंड वाकडं करून म्हणाली.

"जुनं असेल गं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेवटची, मधाची छोटी डबी उघडली.

आत कापूस होता. कापसात इवलंइवलं पांढरं काहीतरी ठेवलेलं होतं. चष्मेवाली वाकली आणि किंचाळली, "बाई, दात!"

"हाऊ मेनी टीथ!" सगळा वर्ग आपणहून ओरडला.

"हूज टीथ?" हे मात्र साहेबांनी विचारलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी दार धाडकन उघडलं. ग्रंथपाल घरी चहा करून घ्यायला गेले होते, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहाचा डबा उघडला होता आणि त्यात त्यांना दोऱ्याची रिळं मिळाली होती. मग त्यांनी फळीवरचा एकेक डबा उघडला, आणि प्रत्येक झाकणागणिक त्यांचा जगावरचा विश्वास उडत गेला. जे हाती लागलं ते पिशवीत कोंबून ते स्कूटर पिटाळत आले होते. त्यांच्या एका बाहीला पीठ लागलं होतं आणि छातीशी साबणाचा डबा होता.

"अगं, थांब!" ते धापा टाकत म्हणाले. "ते तांदूळ तांदूळ नाहीत! साखर साखर नाही! हे बघ, साबणात तांदूळ आहेत! आईने सगळं…"

एवढं बोलल्यावर त्यांना साहेब दिसले, मोठ्या बाई दिसल्या आणि पन्नासएक मुलांचे डोळे दिसले.

"दीज," बाई शांतपणे साहेबांना म्हणाल्या, "आर हिज टीथ."

सगळ्या वर्गाने ग्रंथपालांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी ते घाईने मिटलं. मग ते टेबलापाशी आले. डबीच्या झाकणावर त्यांच्याच शाळकरी अक्षरात 'मध' लिहिलेलं होतं आणि आत त्यांचे दुधाचे दात कापसात निगुतीने ठेवलेले होते. ते बघत राहिले. "आईने ठेवलेत?" ते हळूच म्हणाले. आईवर रागवायचं म्हणून ते घरून निघाले होते, पण आता त्यांनी कापूस सारखा करून डबीचं झाकण हळूच लावलं. घंटा झाली तेव्हा त्यांनीच मुकाट्याने सगळं पिशवीत भरलं आणि डबे घरी नेले.

मोठ्या बाईंच्या खोलीत साहेबांनी ते चुकार बटण टेबलावर ठेवलं. "नावं एक, वस्तू दुसऱ्याच. ही कल्पना तुमची?"

साहेबांच्या खांद्याआडून मोठ्या बाई डोळे मोठे करून खुणावत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. बाईंच्या ओठांवर हो आलंही होतं. पण एवढ्या मुलांना आधी बघा, मग बोला असं सांगून झाल्यावर त्यांना खोटं बोलवेना.

"नाही, सर," त्या म्हणाल्या. "माझं चित्र चिकटलं म्हणून डबे मागवले. आमच्या घरात डब्यात काय आहे ते डब्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या यजमानांना ते माहीत नव्हतं. चूक झाली."

साहेबांनी बटण बोटांनी फिरवलं.

"ते मला कळलंच होतं," ते म्हणाले. "मुद्दाम ठरवून तपासणीच्या साहेबावर कुणी चहापूड उधळत नाही. बाई, मी जाईन त्या शाळेत मुलं मला नियम म्हणून दाखवतात. आज डब्यात डोकावून बोलणारी मुलं बघितली. तो उंच मुलगा तर माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेला आणि सॉरी म्हणायलाही विसरला. मोठ्या बाई, जाहिरात देऊ नका. यांना कायम करा. मी आत्ता लिहून देतो."

त्यांनी खरोखरच तिथल्या तिथे लिहून दिलं. मग उठता उठता ते म्हणाले, "आणि हाच पाठ सोमवारी बाकीच्या शाळांच्या शिक्षकांना दाखवा. हेच डबे हवेत. आतलं काही म्हणजे काही हलवू नका. चहापूड मात्र जरा खालून ओता."

बाई बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. इतक्या वर्षांचं ओझं एकदम उतरल्यावर आधी रडावं की हसावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. शिपायाने पाणी आणून दिलं. ते पाणीसुद्धा त्यांना गोड लागलं.

संध्याकाळी घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि चहापूड शाळेत उधळली गेल्यामुळे नवं पुडकं फोडून लगेच चहा टाकला. "आज तू बसून राहा," त्या म्हणाल्या. "आता तू कायमची बाई झालीस." शेगडीजवळचा डबा त्यांनी न बघता उचलला, चमचे भरभरून चहात घातले आणि कप भरले. सासऱ्यांचा कप तेवढा नेहमीसारखा वेगळा.

बाईंनी पहिला घोट घेतला आणि तो त्यांच्या तोंडातच राहिला. सासूबाईंनी घोट घेतला आणि त्या मोरीकडे धावल्या. सासरे मात्र निवांतपणे आपला फिका चहा पीत होते. "काय झालं?" ते म्हणाले. "मला तर ठीक लागतोय."

"साखरेच्या डब्यात मीठ कुणी घातलं?" सासूबाई मोरीतून ओरडल्या.

"मिठाच्या डब्यात मीठ मी घातलं," ग्रंथपाल अभिमानाने म्हणाले. "मी आज ग्रंथालयात गेलोच नाही. सगळे डबे रिकामे करून, पुसून, नावाप्रमाणे लावले. तांदळात तांदूळ, खिळ्यांत खिळे. यापुढे घरात पुन्हा असा घोटाळा व्हायचा नाही." मग ते जरा घुटमळले. "मधाची डबी तेवढी आहे तशीच ठेवलीय."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, सोमवारी हाच पाठ आहे! साहेबांनी बजावून सांगितलंय, आतलं काही हलवायचं नाही!"

मग घरातली सगळी माणसं स्वयंपाकघरात फतकल मारून बसली आणि बरोबर झालेलं पुन्हा चुकीचं करायला लागली. ग्रंथपालांना ते काम फार जड गेलं. "आई, बटणं कुठे?" ते विचारत. "तांदळात," सासूबाई सांगत, आणि ते डोळे मिटून बटणं तांदळाच्या डब्यात ओतत. एकेक करत खिळ्यांच्या डब्याची पाळी आली. सासूबाईंनी तो हलवून पाहिला. आत खरेखुरे खिळे वाजले.

"यात खिळे नव्हते," त्या म्हणाल्या.

सासरे एकाएकी छताचं निरीक्षण करू लागले. बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "यात चॉकलेटं होती, आई. मुलांनी संपवली."

"काय? सगळी?" सासऱ्यांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे… कुणाची होती म्हणे?"

"असू देत कुणाची," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारला हवीत ना? मी उद्या आणते. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, बिनसाखरेची."

"बिनसाखरेची?" सासरे खाली बघायला लागले.

"मग काय तर! माणूस रोज खिळ्यांचा डबा उघडतो आणि घरात हातोडीचा आवाज म्हणून नाही. मला कळत नाही होय? तुमचं साखरेच्या चॉकलेटांचं पुडकं मी पहिल्याच दिवशी शेजारी देऊन टाकलं. तेव्हापासून तशाच सोनेरी कागदातली ही भरतेय. संपत आली की पुन्हा भरते."

खाऊनही डबा संपत कसा नाही, याचं सगळं श्रेय सासरे आजवर आपल्या संयमाला देत आले होते. ते एकदम दोन इंचांनी खचल्यासारखे दिसले. मग आशेचा शेवटचा धागा धरावा तसं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे इतके दिवस… हाऊ मच शुगर?"

बाईंनी चमकून वर पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते बरोबर म्हणाले होते. मग मात्र बाईंना हसू आवरेना, आणि त्या दिवशी सकाळपासून छातीत अडकून राहिलेलं सगळं त्या हसण्याबरोबर बाहेर पडलं.

"शून्य," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तांदळाच्या डब्याचं झाकण लावून तो फळीवर ठेवला. आतली बटणं खडखडली.